डोळ्यांच्या उंचीला

एलिमेंटरीच्या पोरांत मी एकटीच चष्म्याची.
खणभागातला वर्ग, शनिवार-रविवार, साडेसात ते नऊ,
बाकं सातवीच्या मापाची, गुडघे वर येतात.

पहिल्या दिवशी शिकलगार सर म्हणाले,
दोन टिंबं द्या आणि जोडा.
मी निघाले. थोडं गेले, थांबले,
मागे आले, पुन्हा निघाले,
लाईट गेल्यावर काडेपेटी शोधावी तशी.
सरांनी कागद उजेडाला धरला:
"ही रेघ नव्हे, शालनताई. सुरवंट आहे."
आवट्यांची श्रेया वहीत तोंड घालून हसली.
मग सगळ्यांचे खोडरबर
एका डब्यात जमा झाले.

घरी पानं भरली. लाईट बिलाच्या पाठीवरसुद्धा.
आधी पेन्सिल हवेत फिरवायची,
कागदाला न शिवता, दोनदा, तीनदा,
मनगटातून नाही, खांद्यातून,
नजर हातावर नाही, जायचंय त्या टिंबावर,
आणि मग सोडून द्यायची.
चुकली तर चुकली.
तिच्यावरून दुसरी गिरवायची नाही.
हेच अवघड.

मंगळवारी दुकानात
जमखंडीकरांच्या सुनेचा जरीचा पीस पसरला,
खडू उचलला,
मुंढ्याचा गोल एका दमात उतरला
आणि मी तशीच उभी राहिले, खडू हातात.
एकतीस वर्षं हा हात
परक्याच्या महागड्या कापडावर कचरला नाही,
आणि कागद दोन रुपयांचा,
त्याला भ्यायचं!

त्या शनिवारी रेघ गेली.
सरळ नव्हे, मधे जराशी पोट सुटलेली,
पण एकच.
सर काही बोलले नाहीत. फळ्यावर लिहिलं:
यथार्थदर्शन.

हे मात्र कापडात नव्हतं.
कापड आडवं पडलेलं, छत्तीस म्हणजे छत्तीस,
दारापाशीही, भिंतीपाशीही.
आणि इथं म्हणे लांबचा खांब लहान काढा.
सर आम्हाला आयर्विन पुलावर घेऊन गेले.
"बघा, कठडे कुठं मिळतात?"
मी म्हटलं, मिळत नाहीत,
सांगलवाडीपर्यंत रोज चालत जाते मी,
शेवटाला तेवढेच लांब असतात.
"ते पायांना," सर म्हणाले.
"आता डोळ्यांना विचारा."

क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची.
उभं राहिलं की वर येते, बसलं की खाली जाते.
तिच्यावर जे असतं
त्याचा माथा दिसत नाही, बूडही दिसत नाही.

हरभट रोडच्या माझ्या दुकानात
अशी रेघ आधीपासून आहे.
एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णेनं काढलेली,
चारी भिंतींवरून, कोपऱ्यांत न अडखळता, पट्टी न लावता.
दोनदा रंग दिला.
पावसाळ्यात पुन्हा उमटते, तपकिरी.
शिलाईला बसते तेव्हा ती डोक्याच्या वर, हातभर.
चपला काढून उभी राहिले
तर बरोब्बर भुवयांखाली.

तिथंच उभं राहून दुकान काढलं.
कटिंगचं टेबल, मशीनची फळी, फरशीच्या सांधी,
सगळ्या रेघा धावत जाऊन मिळाल्या
मीटरबोर्डाशेजारच्या खिळ्यावर,
जिथं टेप लटकते.
शेवटी स्टूल. हात फिरवला हवेत, तीनदा, सोडला.
बैठक म्हणजे क्षितिजावर एक आडवी रेघ,
खाली चार पाय,
फरशीला न पोचलेले.

रविवारी श्रेया माझ्या पानावर वाकली.
"काकू, स्टूल उडायलंय."
"उडत नाही गं. तरंगतंय."
पूर आला तेव्हा ही दुसरीत असेल.
तिनं भिंतीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं,
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
"आणि मशीन?"
"मशीन बुडालं."

सरांनी डबा उघडून एक खोडरबर
माझ्या पानाशेजारी ठेवला होता.
नऊ वाजले तेव्हा
तो तिथंच होता.